पट्टा, मोटर आणि दहा वर्षांची वॉरंटी

सुरुवातीलाच एक कबुली. मी पक्की कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला ‘माझा आवडता ऋतू’. त्यामुळे संपादक मंडळातल्या मैत्रिणीने ‘मराठी विभागात काहीतरी दे’ म्हटलं तेव्हा मी आधी हसलेच. मग विचार केला, ज्या विषयावरून गेला महिनाभर अख्ख्या हॉस्टेलशी भांडतेय त्यावरच लिहावं. शुद्धलेखनाच्या चुका सरांनी पोटात घालाव्यात. विषय आहे वॉशिंग मशीन!

तर झालं असं. आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये ऐंशी मुली आणि दोन मशीन. एका रविवारी सकाळी त्यातलं जुनं, सात वर्षांचं फ्रंट लोडर बंद पडलं. म्हणजे लाईट लागायचे, पाणी भरायचं, आतून मोटरचा जोरात आवाजही यायचा, पण ड्रम काही फिरेना. मग पुढचे तीन आठवडे बाथरूमबाहेर बादल्यांची रांग आणि ‘माझा नंबर आधी होता’ वरून रोजची वादावादी. शेवटी कंपनीचा अधिकृत सर्व्हिसवाला आला. व्हिजिटचे पैसे घेतले, मागे न बघताच पाच मिनिटांत निकाल दिला, “मोटर गेली. आणि ही बेल्टची मशीन आता घेतं कोण? डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी.”

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला : नवीन मशीनसाठी प्रत्येकीने ५०० रुपये. आता ५०० म्हणजे काय मोठंसं, असं म्हणणाऱ्याही आमच्यात आहेत. पण माझ्या शेजारच्या खोलीतली एक मुलगी गाडीतळावरून कॉलेजपर्यंत रोज चालत येते, कारण रिक्षाचे पैसे तिच्या महिन्याच्या हिशोबात बसत नाहीत. ती त्या कागदासमोर बराच वेळ उभी होती.

आणि मी? मीटिंगमध्ये डायरेक्ट ड्राइव्हसाठी हात वर करणाऱ्यांत मी पहिली होते. इलेक्ट्रिकलची ना! बीएलडीसी मोटरचं समीकरण पाठ, ओरलला एक्स्टर्नलने ‘व्हेरी गुड’ म्हटलेलं. मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, बेल्ट ही जुनी टेक्नॉलॉजी आहे, नवीन घेतलेलंच बरं. ते मशीन मागून उघडून बघावं असं मात्र मला सुचलं नाही. ते सुचलं मेसच्या मावशींना. त्यांनी गाडीतळाच्या मागच्या गल्लीतून एका काकांना आणलं. काकांनी मशीन भिंतीपासून ओढलं आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. “ताई, तुम्ही इलेक्ट्रिकलच्या ना? मग खोला.”

सहा-सात स्क्रू काढले, मागचा पत्रा निघाला. आत मोटर ठणठणीत होती. पट्टा निसटून खाली पडला होता, कडेला दोरे सुटलेले. नवीन पट्टा आणि मजुरी मिळून साडेसातशे रुपये. प्रत्येकीचे दहासुद्धा नाही!

आता इथे तुम्ही म्हणाल, झालं तर मग, बेल्टच बेस्ट! नाही. गोष्ट इतकी सोपी नाही, म्हणून तर हा लेख. आधी दोन्ही मशीन कशी चालतात ते बघू. आमच्या ब्रँचच्या लोकांनी हा भाग उड्या मारून वाचला तरी चालेल, पण मीसुद्धा हे खऱ्या अर्थाने त्या दिवसानंतरच समजून घेतलं.

पट्टा म्हणजे काय हे कळायला पुस्तक नको, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बघा. मोटर एका बाजूला, दगड दुसऱ्या बाजूला, मध्ये फडफडणारा पट्टा. आमच्या मशीनमध्ये तसंच. मोटर टबच्या खाली लटकलेली. तिच्या दांड्यावर बोटाएवढी पुली आणि ड्रमच्या मागे परातीएवढी. मोटरचे दहा-बारा फेरे होतात तेव्हा ड्रमचा एक. म्हणजे शेवटी कपडे पिळताना ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो तेव्हा बिचारी मोटर बारा-चौदा हजार फेरे घेत असते. अशा जुन्या फ्रंट लोडरमध्ये बहुतेक वेळा युनिव्हर्सल मोटर असते, घरच्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. म्हणून आवाजही मिक्सरसारखा. तिला कार्बनचे ब्रश असतात आणि ते पेन्सिलच्या शिशासारखे झिजत जातात.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टा नाही, पुली नाही, ब्रश नाहीत. मोटर थेट ड्रमच्या दांड्यावर. फार हाय-फाय वाटतं ना? आता पुस्तक खाली ठेवा आणि वर बघा. तुमच्या खोलीतला छताचा पंखा जन्मापासून डायरेक्ट ड्राइव्हच आहे! आतला तारांचा भाग (स्टेटर) दांडीला घट्ट धरून स्थिर, बाहेरचा भाग (रोटर) पात्यांसकट फिरतो. पट्टा कधी दिसला का पंख्याला? हाच पंखा आडवा करून टबच्या पाठीला बसवला आणि पात्यांच्या जागी ड्रम जोडला अशी कल्पना करा. झालं मशीन.

फरक दोन. पहिला, रोटरच्या आतल्या कडेला कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. रोटर दिसतो एखाद्या पसरट पातेल्यासारखा. तो एवढा रुंद का? तर जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो, त्याच कारणाने. कडेला जोर लावला की तेवढ्याच जोरात जास्त पीळ मिळतो. पुलीने जे काम फेरे कमी करून केलं, ते इथे रुंदीने आणि भरपूर ध्रुवांनी होतं.

दुसरा फरक विजेचा. साध्या पंख्याला १६ ध्रुव असतील तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो मिनिटाला ३७५ फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही (१२० गुणिले ५०, भागिले १६, करून बघा). डायरेक्ट ड्राइव्हच्या मोटरीत स्टेटरला ३६ दात आणि रोटरला ४८ ध्रुव ही जोडी बरीच दिसते. अशी मोटर थेट प्लगला लावता आली असती तर १२५ फेऱ्यांवर अडकली असती. धुताना आपल्याला हवेत मिनिटाला ५० फेरे, म्हणजे २० हर्ट्झ. पिळताना हवेत १२००, म्हणजे ४८० हर्ट्झ. मग ते आणायचे कुठून? मशीनमधला बोर्ड आधी घरातल्या एसीची डीसी करतो, आणि मग त्या डीसीचे इलेक्ट्रॉनिक स्विचेसनी तुकडे करून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री फेज बनवतो. रोटर या क्षणी कुठे आहे हे सांगायला बहुतेक ठिकाणी हॉल सेन्सर असतात. चुंबक ज्या कॉइलच्या जवळ येतोय, तिच्या पुढच्या कॉइलला करंट द्यायचा. गाढवापुढे गाजर धरून त्याला चालवत राहायचं, तसंच.

या बोर्डाच्या करामतीलाच ‘इन्व्हर्टर’ म्हणतात. आमच्या मीटिंगमध्ये एकीने खरंच विचारलं होतं, “इन्व्हर्टर आहे म्हणजे लाईट गेली तरी चालेल ना?” सगळ्या हसल्या. पण चूक तिची नाही, आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवाला. अजून एक घोळ असा की ‘इन्व्हर्टर’ स्टिकर असलेलं प्रत्येक मशीन डायरेक्ट ड्राइव्ह नसतं. इन्व्हर्टरवर चालणारी चांगली ब्रशलेस मोटर पट्ट्याच्या मशीनमध्येही बसवतात. दुकानात दोन्ही शब्द एका दमात म्हणतात, म्हणून सांगितलं.

ही कल्पना काही कालची नाही. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने १९९१ मध्ये ‘स्मार्ट ड्राइव्ह’ नावाने असं मशीन आणलं. एलजीने १९९८ मध्ये आपलं आणलं आणि पुढे ते जगभर पोचवलं. गंमत म्हणजे न्यूझीलंडमध्ये लोक भंगारातल्या स्मार्ट ड्राइव्ह मोटरी काढून ओढ्यावर छोटे वीजजनक चालवतात. चुंबक आतच आहेत, फिरवलं की वीज तयार!

तेव्हा फायदे खरे आहेत, ते मी नाकारत नाही. आवाज कमी. झिजणारे ब्रश आणि पट्टा गेले. ड्रम एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, हळू, झटक्यात, पाहिजे तसा हलवता येतो. आत कपडे किती आहेत याचा अंदाज मोटरला स्वतःच्या करंटवरून घेता येतो. हे पट्ट्याच्या मशीनलाही जमतं, पण तिथे मध्ये रबर आहे. एका फायद्याबद्दल मात्र सावध राहा, तो म्हणजे विजेचा. फ्रंट लोडरमध्ये सगळ्यात जास्त वीज पाणी तापवायला लागते, हीटरच साधारण २००० वॅटचा असतो. गरम पाण्याचा प्रोग्राम लावायचा आणि मोटर वीज वाचवते म्हणून खूश व्हायचं, यात काही अर्थ नाही. थंड पाण्यात धुवा, त्याने जास्त वाचेल.

मग माझं भांडण कशाशी आहे? त्या दहा वर्षांशी.

पट्टा बसवल्यावर काकांनी ड्रम हाताने फिरवला आणि म्हणाले, “ऐका. घरघर येतेय ना? ही बेअरिंगची. सहा महिने, फार तर वर्ष.” पट्टा कडेला का फाटला तेही त्यांनीच सांगितलं. बेअरिंग ढिलं, पुली किंचित तिरकी, त्यात आम्ही कोंबलेल्या चादरी. मी रूमवर येऊन हिशोब केला. ड्रमची त्रिज्या साधारण २४ सेंटीमीटर, वेग १२०० फेरे, म्हणजे कडेला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३९० पट जोर. अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला तर तो सुमारे १९० किलो वजनासारखा ड्रमला बाहेर ओढतो, सेकंदाला वीस वेळा दिशा बदलत! मशीनच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे का बसवलेले असतात ते तेव्हा कळलं. (हो, खरंच काँक्रीट! मलाही आधी वाटलं बिल्डरने विसरलं असेल.)

हा सगळा मार खातं कोण? ड्रमच्या दांड्याचं बेअरिंग आणि त्याच्या पुढचं रबरी सील. सील गेलं की साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये, मग गंज, मग घरघर. आता महत्त्वाचा मुद्दा : डायरेक्ट ड्राइव्हमध्येही हा दांडा आहे, हेच सील आहे, हीच बेअरिंग आहेत. पट्टा गेला म्हणून चादर हलकी होत नाही. शिवाय हॉस्टेलमध्ये अजून काय बिघडतं? ड्रेन पंप, कारण त्यात केसांच्या पिना आणि एक-एक रुपयाची नाणी. पाण्याचा व्हॉल्व्ह, कारण आमचं बोअरचं जड पाणी. आणि बोर्ड, कारण व्होल्टेज. मोटर? मोटर क्वचित.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम काकांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, टपरीच. फळीवर डायरेक्ट ड्राइव्हची एक अख्खी मोटर पडली होती. काकांनी रोटर दांड्यावर बसवला, दोन वायरींना छोटा एलईडी लावला आणि हाताने गरकन फिरवलं. लख्ख पेटला! मग तिन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि म्हणाले, आता फिरवा. मधात हात घातल्यासारखा रोटर जड झाला. दोन सेमिस्टर मी जे ‘बॅक ईएमएफ’ लिहीत आलेय ते पहिल्यांदाच माझ्या मनगटाला जाणवलं. मी विचारलं, मशीनचं काय झालं? सहा वर्षांत बोर्ड गेला, आणि टबमध्ये पाणी शिरून बेअरिंग गेलं. टब कारखान्यातच वितळवून जोडलेला, उघडता येत नाही. म्हणजे बेअरिंगसाठी अख्खा टब घ्यायचा. मालकाने हिशोब केला आणि भंगारात दिलं. काका हसून म्हणाले, “मोटर अजून वॉरंटीत आहे, ताई. मशीनच राहिलं नाही.”

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचं सार त्यातच आहे. जो भाग सहसा जातच नाही त्याची दहा वर्षांची हमी देणं कंपनीला स्वस्त पडतं. त्यात खोटं काही नाही, पण ती हमी मोटरची असते आणि आपल्या कानाला ती मशीनची वाटते. बाकीच्या सगळ्या भागांना किती वर्षं, ते कार्डावर बारीक अक्षरात असतं.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, मशीन गेलं तर नवीन घ्यायचं. हे निदान हडपसरमध्ये राहून तरी म्हणू नये. उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो इथून किती लांब आहे? रामटेकडीच्या प्रकल्पाचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आपल्यापर्यंत येतोच की. अख्ख्या शहराने ‘टाकून दिलेलं’ शेवटी कोणाच्या तरी शेजारी जाऊन पडतं, हे आपल्या भागाइतकं पुण्यात कोणाला कळणार? मशीनमधलं तांबं आणि लोखंड भंगारवाला काढून घेतो हे खरं, पण तो जोडून टाकलेला प्लास्टिकचा टब आणि मेलेला बोर्ड यांचं काय? कायदे आहेत. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात वॉशिंग मशीन येतं. २०२२ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. पण ग्राहकाने दुकानात तोंडच उघडलं नाही तर पोर्टल बिचारं काय करणार?

आणि आपण तर नुसते ग्राहक नाही. नगर रोडने रांजणगावला जा, साधारण पन्नास किलोमीटर. तिथल्या एमआयडीसीत एलजी, हायर, व्हर्लपूल या तिघांचे कारखाने आहेत. आपल्यातले काही जण उद्या तिथे किंवा तशाच कुठल्या तरी कंपनीत डिझाइनला बसतील. टब स्क्रूने जोडायचा की वितळवून, हे कोणीतरी इंजिनिअरच ठरवतो ना? त्याने कधी तरी बेअरिंग बदललं असेल तर तो जरा वेगळं ठरवेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तर रेक्टर मॅडमना आणि सरांना माझ्या चार विनंत्या.

एक, दुरुस्त झालेलं मशीन चाललंय तोवर चालू द्या आणि वर्गणीचा कागद काढा. बेअरिंगसाठी आत्तापासून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवू, ऐंशीजणींत ते जड नाही.

दोन, पुढे नवीन घ्यायची वेळ येईल तेव्हा डायरेक्ट ड्राइव्ह जरूर घ्या, माझा विरोध नाही. पण दुकानदाराला मोटरची वॉरंटी विचारू नका. ती तो आपण न विचारता सांगतो. विचारायचं हे : टब उघडतो का? बेअरिंग सुटं मिळतं का? बोर्ड केवढ्याला, आणि किती वर्षं मिळत राहील? उत्तरं बिलावर लिहून घ्या.

तीन, आपल्या मशीन लॅबमध्ये काचेच्या कपाटातल्या मॉडेलशेजारी एक भंगारातलं डायरेक्ट ड्राइव्ह आणि एक पट्ट्याचं मशीन उघडून ठेवा. काकांची ती मोटर ते आनंदाने देतील, मी विचारून आलेय. आणि एक तास काकांनाच बोलवा. मानधन देऊन, चहावर बोळवण करून नाही.

चार, आम्हा मुलींसाठी. धुण्याआधी खिसे तपासा, चादरी एका वेळी दोनच टाका, आणि पुढच्या खालच्या झाकणामागचा फिल्टर दर रविवारी साफ करा. पहिल्या महिन्याची ड्यूटी माझी. मागच्या रविवारी त्यातून अकरा रुपये, सात पिना आणि कोणाचा तरी कानातला एक डूल निघाला. डूल माझ्याकडे आहे, ओळख पटवून घेऊन जावा.

कागद अजून बोर्डावर आहे. मीटिंग पुढच्या गुरुवारी, मेसमध्ये, रात्री नऊला. गेल्या वेळी न बघता हात वर केला होता, या वेळी आधी मशीनची पाठ बघून या. स्क्रू ड्रायव्हर माझ्या खोलीत मिळेल.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल